देवरावांचं नाक

दुर्गजवळच्या रसमड्याच्या शिवनाथ केमिकल्समध्ये यंत्रं बरीच होती, आणि त्यातली निम्मी चालूही असत. पण मालक भैय्याजी कुणा पाहुण्याला कारखाना दाखवायला निघाले, की भट्टी, चाळण्या, पॅकिंग असं सगळं फिरवून शेवटी आणून उभं करायचे ते देवराव वैरागड्यांसमोर. "आणि हे आमचे देवरावजी. माल यांच्या नाकाखालून गेल्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही." पाहुणा हसायचा. त्याला वाटायचं, मालक लोक असं बोलतातच. पण माल खरोखरच देवरावांच्या नाकाखालून जायचा.

माल म्हणजे सोडा लाइम. नंदिनीच्या खाणींकडचा चुना, त्यात थोडा कॉस्टिक सोडा, बेताचं पाणी, आणि त्याचे साबुदाण्याहून जरा मोठे पांढरे दाणे. काही डबे दवाखान्यांत भूल द्यायच्या यंत्रांसाठी जायचे, पण मोठं गिऱ्हाईक होतं मुंबईची एक पाणबुड्यांची कंपनी. तिचे लोक छातीवर बंद यंत्र बांधून बंदराच्या पाण्यात उतरत. सोडलेला श्वास पाण्यात बुडबुडे होऊन न जाता त्या यंत्रातल्या डबीत जाई, डबीतले दाणे त्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकत, आणि उरलेला वायू थोडा ताजा ऑक्सिजन घेऊन पुन्हा त्याच माणसाच्या तोंडात येई. एकच हवा, पुन्हा पुन्हा. तिच्यात काही घाण शिरली, तर ती बाहेर पडायला वाट नाही.

दाणा किती कडक, त्यात ओल किती, तो वायू किती खातो, हे सगळं मीनल तपासायची. दुर्गची ही मुलगी एम.एस्सी. होती आणि लॅब तिच्या ताब्यात होती. पण मुंबईवाल्यांच्या अटींत आणखी एक अट होती: मालाला परका वास नसावा. हे मोजायचं यंत्र भैय्याजींकडे नव्हतं आणि घेण्याची इच्छाही नव्हती, कारण देवराव होते. मूठभर दाणे रुंद तोंडाच्या बाटलीत घालायचे, बाटली कोमट पाण्यात ठेवायची, बूच काढायचं आणि हुंगायचं. देवराव डोळे मिटून हुंगत, क्षणभर थांबत, आणि मग डब्यावर खडूने लिहीत: वास नाही. एकदा चाळणीला कुणी नवं ग्रीस लावलं होतं, तर त्यांनी तो सगळा माल परत पाठवला होता. मीनलला त्यात काही सापडलं नव्हतं. चाळणी उघडल्यावर मात्र सापडलं.

त्या नाकाचा घरी अर्थातच जाच होता. शेजारच्यांची डाळ लागली तरी यांना आधी कळायचं आणि हे ते जाऊन सांगायचे. भिलाईच्या सेक्टर दहातलं क्वार्टर त्यांच्या बायकोच्या, सुशीलाबाईंच्या नावावर होतं; त्या भिलाईच्या स्टील प्लांटच्या अकाउंट्समध्ये होत्या. त्यामुळे कॉलनीत देवरावांची ओळख 'वैरागडे मॅडमचे मिस्टर' एवढीच. नागपूरकडचे नातेवाईक आले की हटकून विचारत, "बुवा, क्वार्टर तुमचं की ताईचं?" देवराव हसून घेत. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅम्ब्रेटा स्कूटर काढून रसमड्याला पोचले, की ते पुन्हा माणसात येत.

त्या वर्षी जानेवारीत त्यांना ताप आला. चांगला खणखणीत ताप होता, आठवडाभर अंथरूण धरलं. ताप गेला, खोकला गेला, तोंडाची चव अर्धीमुर्धी परतली. वास परतला नाही. दुर्गचे डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. होळी झाली, आंबे येऊन गेले, पावसाळा लागला, तरी काही नाही. देवरावांनी हे कारखान्यात कुणाला सांगितलं नाही. पगाराची काळजी नव्हती, घर सुशीलाबाईंच्या पगारावरही चाललं असतं. पण नाक वजा केलं तर आपण रसमड्यात कोण, याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. म्हणून ते गप्प राहिले आणि तापातून उठल्याउठल्याच त्यांनी एक युक्ती काढली.

बाटलीचं बूच ते पॅकिंगच्या टेबलाशी उभं राहून काढू लागले. समोर पॅकिंगच्या बाया बसलेल्या असत. चंपा त्यांची मुकादम, जवळच्याच खेड्यातली. बूच निघालं की देवराव सवयीप्रमाणे डोळे मिटत, पण पुरते नाही. पापण्यांच्या फटीतून ते बायांची तोंडं पाहत. कुणी नाक मुरडलं की माल बाजूला. कुणी काही केलं नाही, बोलणं चालूच राहिलं, की वास नाही. मार्चमध्ये या युक्तीने एक खराब माल पकडलासुद्धा, आणि भैय्याजींनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. देवरावांना त्या दिवशी लाज वाटली, पण तितकंच बरंही वाटलं.

मग विश्वकर्मा पूजा आली. भिलाई-दुर्गच्या पट्ट्यात कारखान्याला दिवाळी नसली तरी चालते, पण विश्वकर्मा पूजा नसून चालत नाही. त्या दिवशी यंत्रांना हार, पान्यांना हळदकुंकू, आणि त्याच्या आधीचा आठवडाभर नुसता रंग. फाटक, पाइप, सायकल स्टँड, आगीच्या वाळूच्या बादल्या, जे हलत नाही ते सगळं रंगवायचं. भैय्याजींच्या मनात आलं, की मालाच्या डब्यांची झाकणं आतून गंजतात, कॉस्टिकची ओल लागते त्यांना. तर या रंगात त्यांचंही काम उरकून घ्यावं. झाकणं आतूनबाहेरून चंदेरी झाली. हवा दमट होती, रंग लवकर वाळेना, आणि पूजेच्या दिवशी सगळं जागच्या जागी दिसायला हवं होतं. डबे भरले, झाकणं बसवली, वर कुंकवाची बोटं ओढली.

त्या मालाची बाटलीही देवरावांनी पॅकिंगच्या टेबलाशी उघडली होती. भट्टीतून आलेल्या ताज्या मालाची नव्हे. झाकण लावून ठेवलेल्या डब्यातलीच, नियमाप्रमाणे. बायांनी काही केलं नाही. कसं करतील? सगळी शेडच रंगाने घमघमत होती, सकाळपासून साऱ्यांची डोकी चढली होती, त्यात एका बाटलीतला वास वेगळा कोण काढणार? देवरावांनी खडू घेतला आणि लिहिलं: वास नाही. माल मुंबईला गेला.

दिवाळीच्या आधी मुंबईहून एक माणूस आला. विष्णु मयेकर त्याचं नाव. मूळचा मालवणकडचा, पाणबुड्यांच्या टोळीचा प्रमुख, पन्नाशीला टेकलेला. बोलायला सावकाश आणि खांदे रुंद. त्याने एक डबा बरोबर आणला होता. भैय्याजींच्या टेबलावर पेपर अंथरून त्याने तो ठेवला, आणि मीनलला व देवरावांनाही बोलावून घ्या म्हणाला.

"आमचा एक डायव्हर अर्ध्या कामातून वर आला," तो म्हणाला. "डोकं फुटतंय म्हणाला, आणि मास्कमध्येच ओकला. वेळेत वर आला म्हणून वाचला. मग दुसऱ्याला तसंच. दोघं म्हणतात श्वासाला रंगासारखा वास होता. यंत्रातल्या डब्या मी भरतो. मलाही वाटतं वास आहे. पण बोटीवर डिझेल असतं, तेल असतं, रंग असतो, माझा जन्म त्यातच गेला. ऑफिस म्हणतं मीच डबे इंजिनापाशी ठेवले असतील. तसं असेल तर तसं. तुम्ही काय ते सांगा."

'रंग' हा शब्द ऐकला आणि देवरावांना झाकणं दिसली. आतून चंदेरी, ओली. त्यांना तिथल्या तिथे सगळं कळलं.

भैय्याजींनी डबा उघडून हुंगला. "मला तो काही वाटत नाही, भई. चुन्याला आपला ओल्या भिंतीसारखा एक वास असतोच." रायपूरच्या जुन्या घरातले ते, मराठी बोलता बोलता हिंदीत जात आणि परत येत. मीनलने हुंगलं. तिने पुन्हा हुंगलं. "सर, कुछ तो है. हलका-सा. गोडसर, थिनरसारखं. पण मी शुअर नाही, दिवसभर लॅबमध्येच असते मी. मुंबईच्या एखाद्या लॅबमध्ये सँपल पाठवू या का?"

"रिपोर्ट यायला महिना जाईल," विष्णु म्हणाला. "काम अडून आहे. बोटीवर याच मालाचे डबे आहेत, दुसरे नाहीत."

मग तिघंही देवरावांकडे पाहू लागले.

देवरावांनी डबा जवळ ओढला. मूठभर दाणे तळव्यावर घेतले, नाकाशी नेले, डोळे मिटले. पापण्यांच्या फटीतून त्यांनी पाहिलं. भैय्याजींचा चेहरा नाही म्हणत होता, मीनलचा हो म्हणत होता, आणि विष्णु मयेकरच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, तो नुसती वाट पाहत होता. असा घोळ पॅकिंगच्या टेबलाशी कधी झाला नव्हता. आता सांगावं, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं. पण तोंडातून निघालं ते सवयीचं.

"चुन्याचाच हाय," ते म्हणाले. "परका वास नाई."

विष्णु भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही. त्याने मान हलवली. "मग संपलं. माझी चूक. उरलेले डबे वापरायला हरकत नाही, एवढं ऑफिसला कळवतो म्हणजे कामं सुरू होतील." भैय्याजींनी लगेच मुंबईचा ट्रंक कॉल बुक केला. संध्याकाळपर्यंत लाइन मिळाली नाही. ऑपरेटर म्हणाली, आता उद्या सकाळीच.

विष्णु भिलाईतल्या पावर हाउस बाजाराजवळच्या एका लॉजमध्ये उतरला होता. देवरावांना तिकडूनच जायचं होतं, म्हणून त्यांनी त्याला लॅम्ब्रेटावर मागे घेतलं. खरं तर घ्यायचं नव्हतं, पण भैय्याजी म्हणाले, सोडून द्या. रस्ताभर तो माणूस कौतुकाने इकडेतिकडे पाहत होता. एवढी कोरडी जमीन त्याच्या पाहण्यात नसावी. पावर हाउसला उतरल्यावर त्याने चहाचा आग्रह केला. बाजाराच्या गर्दीत, ऑटोवाल्यांच्या ओरडण्यात दोघं टपरीशी उभे राहिले.

"बंदराच्या पाण्यात काही दिसत नाही, साहेब," विष्णु म्हणाला. "हात लांब केला तर हात दिसत नाही. फक्त आपला श्वास ऐकू येतो. नवा माणूस तिथेच घाबरतो. मी त्यांना तुमच्या डब्यावरची अक्षरं दाखवतो. म्हणतो, हे बघ, तिकडे मध्य प्रदेशात एका माणसाने हे हुंगून लिहिलंय, वास नाही. आता तू श्वासाचा विचार सोड, कामाचा कर." तो हसला. "आज तो माणूस बघायला मिळाला."

देवरावांनी चहा अर्धा टाकला. जीभ भाजली म्हणाले.

घरी सुशीलाबाई पोळ्या करत होत्या. नाकाची गोष्ट जगात त्यांनाच ठाऊक होती, कारण तापातून उठल्यावर देवरावांनी जळक्या फोडणीची भाजी दोनदा मागून घेतली होती, आणि त्यांनी त्याच दिवशी विचारून काढून घेतलं होतं.

"मंग? काय म्हने तो मुंबईचा?" त्यांनी तव्यावरून नजर न काढता विचारलं.

देवरावांनी सगळं सांगितलं. झाकणांचंही सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी सांगतलं, वास नाई म्हनून."

"कोनाले नाई आला वास?"

"मले."

"तुमाले तं हिंगाचाई येत नाई." सुशीलाबाईंनी गॅस बंद केला आणि त्या त्यांच्याकडे वळल्या. "अवो, त्या पाण्यात पोट्टे उतरतीन उद्या. तुमी काय करून राहिले, समजते का तुमाले?"

"समजते."

"मंग सांगून कावून नाई टाकलं?"

"अन मंग मी कोन राहीन तिथं?" देवरावांचा आवाज चढला आणि मधेच फुटला. "इथं मी तुह्या क्वार्टरातला मानूस. तिथं तरी माहं काई हाय. ते नाक सोडलं तं भैय्याजी मले चाळन्या मोजाले बी नाई ठेवनार."

क्वार्टरची गोष्ट नवऱ्याला एवढी लागत असेल, हे सुशीलाबाईंना माहीत होतं आणि नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून बोलायचं सोडतील अशा त्या नव्हत्या.

"नाक गेलं त्याच्यात तुमची काई चूक नोती," त्या म्हणाल्या. "आज जे बोलले न, ते तुमचं हाय. जेवा आता."

देवराव जेवले नाहीत. त्यांना भीती वाटत होती. कुणी रागवेल याची नव्हे. लोक हसतील याची, आणि हसून झाल्यावर विसरतील याची. पण त्या भीतीच्या खाली आणखी एक भीती होती, काळ्या पाण्यात हात लांब करून श्वास ऐकत बसलेल्या कुणातरी मुलाची. झोप लागेपर्यंत तीच वर आली होती.

सकाळी ते विष्णु यायच्या आधी भैय्याजींच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "भैय्याजी, मले वास येत नाई. जानेवारीपासून नाई येत. माल खराब हाय. झाकनं ओली होती."

भैय्याजी आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की समोरचा हसत नाही. "देवरावजी, तुम्हाला त्या मयेकरची दया आली. मी समजू शकतो. भला माणूस आहे. पण म्हणून काय स्वतःच्या नाकावर..."

"दया नाई. खरंच नाई येत."

"आणि मार्चमधला तो माल? तो कुणी पकडला?"

"चंपाच्या तोंडाकडं पाहून पकडला."

यावर भैय्याजी इतके मोकळे हसले की बाहेरून मीनल आत डोकावली. हसू ओसरल्यावर ते गंभीर झाले. ते काही वाईट मालक नव्हते. पण मुंबईला कळवायचं की आमचा माल खराब, म्हणजे ते गिऱ्हाईक गेलं. ही गोष्ट दवाखान्यांपर्यंत पोचली की तेही गेले. आणि हे कशावरून करायचं? काल 'वास नाही' म्हणालेला माणूस आज 'मला नाकच नाही' म्हणतो यावरून? "काल संध्याकाळी तुम्ही दोघं बरोबर गेलात," ते हळूच म्हणाले. "काही बोलणं झालं असेल. मी दोष देत नाही. पण ज्या माणसाचं नाक मी पंधरा गावांत मिरवलं, त्याला वासच येत नाही, हे मी मानू कसं?"

देवरावांनी या क्षणाची सगळी रूपं रात्री मनात आणून पाहिली होती. भैय्याजी ओरडतील, काढून टाकतील, चारचौघांत बोलतील. पण ते विश्वासच ठेवणार नाहीत, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आयुष्यभराची पत अशी आडवी आली.

तेवढ्यात विष्णु आला. त्याच्यासमोर देवरावांनी तेच पुन्हा सांगितलं. तो त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. रागावला की काय ते कळलं नाही. मग तो खुर्ची ओढून बसला. "बघून घ्या ना मग," एवढंच म्हणाला. "डोळे बांधा आणि बघा."

मीनलने ते मनावर घेतलं. "काका, तुम्ही बसा. डोळे बंद. आणि अमोनिया नको हं कुणी, उससे तो किसी के भी आँसू आएँगे, नाक हो न हो." तिने आपल्या ओढणीने त्यांचे डोळे बांधले. दाराशी ऑफिसचे दोघं-तिघं आणि पॅकिंगच्या बाया जमल्या होत्या. कुणीतरी खुदकन हसलं, त्याला दुसऱ्याने गप्प केलं.

नाकाखाली काहीतरी आलं. देवरावांना त्याचा गारवा लागला, म्हणजे थिनरचा बोळा असावा, एवढा अंदाज त्यांनी केला. "वास येत नाई," ते म्हणाले. मग आणखी काही आलं, कोरडं, हलकं. कापूर असेल, नाहीतर उदबत्ती. "नाई." पुन्हा काही. "नाई." दाराशी आता कुणी हसत नव्हतं.

"हे काय झालं?" भैय्याजींचा आवाज आला. "नाही म्हणायचं ठरवलं की कुणीही नाही म्हणेल. मीसुद्धा म्हणेन."

ते बरोबरच होतं. वास येतो हे दाखवता येतं. येत नाही हे कसं दाखवणार? टेबलावरचा फोन आता कधीही वाजेल. तो वाजला की भैय्याजी सांगणार, माल बरोबर आहे, वापरा. आणि आपण इथे ओढणी बांधून बसलेले असू.

दाराशी कुजबूज झाली. कुणीतरी पळत गेलं, परत आलं. बांगड्या वाजल्या आणि जवळ येऊन थांबल्या. मग सगळं शांत झालं. पंखा तेवढा कुरकुरत होता. एक खुर्ची घाईने सरकली. कुणाला तरी ठसका लागला. खिडकीची कडी निघाल्याचा आवाज झाला.

देवराव थांबले. काय आणायचं ते यांचं ठरत नसावं. ते आणखी थांबले.

"आना न," ते शेवटी म्हणाले. "काय आनता ते आना लवकर. फोन येईन."

त्यांनी ओढणी वर सरकवली.

चंपा त्यांच्यासमोर वाकून उभी होती. तिच्या हातात तिचा जेवणाचा डबा होता, उघडा, त्यांच्या मिशीला लागेल इतका जवळ. डब्यात सुकसी होती, वाळवलेली मासळी, कांदामिरचीत परतलेली. भैय्याजी उघड्या खिडकीत पाठमोरे उभे होते, रुमाल तोंडावर दाबून. मीनल त्यांच्या मागे भिंतीला टेकली होती, नाक चिमटीत धरून. विष्णु मयेकर तेवढा खुर्चीत होता तसाच होता.

सुकसीचं आणि देवरावांचं वैर कारखान्यात जुनं होतं. वैरागड्यांच्या घरात अंडंही येत नसे. फार वर्षांपूर्वी एकदा कुणीतरी शेडमध्ये असा डबा उघडला, आणि देवराव शेडच्या त्या टोकाला, भट्टीपाशी, सगळ्यांदेखत ओकले होते. ते नाटक नव्हतं. तेव्हापासून नियम झाला, की बायांनी जेवायचं ते कुंपणाबाहेर, निंबाखाली. नाक बिघडायला नको. ऊन असो, पाऊस असो, त्या तिथेच डोक्यावर पोतं घेऊन जेवत आल्या होत्या.

देवरावांनी डब्यात पाहिलं. त्यांना मळमळलं नाही, काहीच झालं नाही. समोर मासळी होती, एवढं दिसत होतं. त्यांना अचानक इतकं एकटं वाटलं, की त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले.

भैय्याजी खिडकीतून वळले. त्यांनी देवरावांकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली. फोन वाजला तेव्हा त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. "हॅलो. हां, रसमडा. जोरात बोला... नाही, नाही. वापरू नका. एकही डबा वापरू नका. होय, आमच्याकडूनच. झाकणांचा रंग ओला राहिला. मयेकरांची काही चूक नाही... होय, हे मी बोलतो आहे." ते ओरडून बोलत होते, कारण लाइन तशी होती. बोलून झाल्यावर त्यांनी फोन ठेवला आणि कपाळ पुसलं. दवाखान्यांनाही कळवावं लागेल, असं ते मीनलला म्हणाले. विष्णु उठला, देवरावांच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर थांबला, आणि बाहेर गेला.

चंपा अजून तिथेच होती. डबा तिने पदराखाली घेतला होता, पण झाकण लावलं नव्हतं. बाकीच्या बाया दारातून तिच्याकडे पाहत होत्या.

"त साहेब," तिने आपल्या छत्तीसगढीत विचारलं, "अब हमन भितरी बइठ के खा सकथन का?"

देवरावांनी भैय्याजींकडे पाहिलं नाही. हे त्यांना विचारण्यासारखं नव्हतं. बाहेर जेवायचा नियम देवरावांच्याच नाकासाठी होता.

"बसा," ते म्हणाले. "आतच बसा."

बाया वळल्या आणि हात धुवायला नळाकडे गेल्या.